दोन गोणी मीठ

मोठीखारच्या खाडीकाठी त्या सोमवारी पाय ठेवायला जागा नव्हती. द्रोणागिरी डोंगराच्या कुशीतलं शंभर उंबऱ्यांचं हे आगरी गाव; पुढे खाडी, मधे मिठागरं, मागे बांध घालून खाडीपासून राखलेली खारीची भातशेतं. एरवी इथे पाहुणा यायचा तो मुलगी बघायला, नाहीतर मीठ न्यायला. पण एकोणीसशे बासष्टचा तो फेब्रुवारी वेगळा होता. आठ ग्रह एका राशीत जमलेत, जग बुडणार, अशी आवई मुंबईपासून उरणपर्यंत उठली होती. माणसं आधीच अर्धमेली झालेली, आणि अर्धमेल्या माणसाला भविष्य सांगायला फारशी विद्या लागत नाही.

भविष्य सांगणाऱ्याचं नाव दानियेलबाबा. ते त्यानं स्वतःच ठेवलेलं. अंगात पांढरा झगा, छातीवर लाकडी क्रूस, क्रूसाशेजारी रुद्राक्षाची माळ आणि मनगटाला हिरवा गंडा. कुठलंही गिऱ्हाईक परत जायला नको. दोन चेल्यांना घेऊन महिन्यापूर्वी तो होडीतून उतरला आणि चावडीत ठाण मांडून बसला. खाडीकाठी कनात बांधून चेल्यांनी चार दिवस आत खटाटोप केला होता. आज ती कनात सोडली होती आणि आतली मूर्ती बघायला पार करंजा गावापासून माणसं आली होती.

मूर्ती दीड पुरुष उंच. डोकं सोनेरी कागदाचं, छाती चहाच्या पेटीतल्या चंदेरी पत्र्याची, पोट पितळी, तंगड्या डांबराच्या पिंपाच्या आणि पावलं मातीची.

"बायबलातल्या बाबेलच्या राजाला स्वप्नात हीच मूर्ती दिसली!" बाबा हात उंचावून ओरडला. "सोन्याचं डोकं म्हणजे बाबेलचं राज्य. ते गेलं! मग रुप्याचं आलं. तेही गेलं! पितळेचं गेलं, लोखंडाचं गेलं. इंग्रज कुणी घालवला?"

"देवानं!" गर्दी म्हणाली.

"परवा गोव्यातून पोर्तुगीज कुणी घालवला?"

"देवानं!"

बायकांच्या घोळक्यात उभी असलेली मैना मात्र ओठ मिटून होती. तिचा बाप चिरनेरच्या जंगल सत्याग्रहाला गेला होता आणि मांडीत गोळी घेऊन आला होता. मरेपर्यंत तो लंगडला. देवानंच इंग्रज घालवला असेल तर बापाच्या मांडीतली गोळी कुणाची होती, हे तिला या बाबाला विचारायचं होतं. पण गर्दीत बाईमाणसाला कोण विचारतंय! शिवाय मैना संशयी म्हणून गावात आधीच बदनाम. कोळणीनं ताजा म्हणून दिलेला बोंबीलसुद्धा ती नाकाशी नेल्याशिवाय टोपलीत टाकत नसे.

"आता उरली ही मातीची पावलं," बाबानं आवाज खाली आणला. "हे शेवटचं राज्य. आज भर दुपारी समुद्र स्वतः चालत येईल आणि माणसाचा हात न लागता ही मूर्ती पडेल. मग या जमिनी नव्या राज्यात जातील. ज्यानं नव्या राज्याच्या दाखल्यावर अंगठा दिला, त्याला जमीन दसपट परत. न देणाऱ्याला वीतभरही नाही!"

अमावास्येला भरती दुपारी बाराच्या सुमाराला चढते, हे मोठीखारच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बाबानं मात्र ते आभाळातून तार आल्यासारखं सांगितलं, आणि ज्यांचा जन्म भरती-ओहोटीत गेला त्या माणसांनी ते तोंडाचा आ करून ऐकलं.

चेल्यांनी खोदलेल्या चरातून पाणी मूर्तीकडे सरकलं. पावलं बुडाली. बाबा तासभर बोलतच राहिला. राज्यांची नावं घेत होता, मधेच रडत होता. आणि एकाएकी मूर्ती कण्हल्यासारखी करकरली, पुढे झुकली आणि धाडकन तोंडावर आपटली. बायका किंचाळल्या. म्हाताऱ्यांनी लोटांगण घातलं. मैनाचा नवरा रोहिदास त्यांच्यात सर्वांत पुढे होता.

संध्याकाळी घरी आल्यावर तिनं विचारलं, "अवो, तुमी खरंच अंगठा देनार?"

"देनार. बेस्तरवारी सगला गाव देनार हाय. डोल्यांनी बघितलंस ना? कोनी हात लावला व्हता?"

"नाय लावला. पन शेत गेलं तं खावाचं काय?"

"दसपट परत मिलेल."

"आन बांध? म्हयना झाला, कोनी बांधाव गेला नाय. उगवतीचा कोपरा पाझरतंय."

रोहिदास वैतागला. "राज्यंच बुडाची हायत तं बांधाला माती कनाला टाकाची? बाबा बोललाय, लिवलेलं टलत नाय."

दर घरातून एका माणसानं पाळीनं बांधावर माती घालायची, हा मोठीखारचा पणजोबांपासूनचा नेम. बांध फुटून खाडीचं पाणी आत शिरलं की तीन वर्षं भाताचं नाव नको. उगवतीच्या कोपऱ्यामागे पहिलं शेत मैनाचं. चौदा गुंठे, पण त्याच भातावर दोन पोरींची पोटं भरत होती. एकीकडून अंगठा आणि दुसरीकडून खाडी. शेत दोन्हीकडून चाललं होतं.

रात्री चुलीवरचं कालवण चाखताना तिचा हात एकदम थांबला. "अवो, बाबाच्या चेल्यांनी आपल्या मिठागरातून मीठ नेलं व्हतं ना? किती?"

"दोन गोनी. भंडाऱ्यासाठी. मीच वाहून दिल्या, पुन्य लागतं."

"भंडारा कदी झाला?"

भंडारा झालाच नव्हता. तीन माणसांच्या तोंडाला दोन गोणी मीठ! एवढं मीठ खाल्लं असतं तर बाबा आतापर्यंत खारवलेल्या माशासारखा वाळायला हवा होता.

बुधवारी ऊन चढल्यावर ती खाडीकाठी गेली. पडलेली मूर्ती चेल्यांनी चादरीत गुंडाळून नेली होती आणि चर चिखलानं बुजवला होता. जिथे पावलं होती तिथल्या खळग्यातलं पाणी आटत आलं होतं. मैना उकिडवी बसली. मातीची चव घ्यायच्या फंदात ती पडली नाही. खाडीचा चिखल खारटच असणार. तिनं बघितली ती खळग्याच्या काठावरची पांढरी खपली. बोटभर जाड.

मैनाचं अर्धं आयुष्य मिठागरात गेलं होतं. खाडीचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत पंधरा-पंधरा दिवस उन्हात तापवावं, तेव्हा कुठे ते मीठ धरतं. आणि इथे दोन दिवसांत बोटभर? तिनं खपलीखाली बोट घातलं. गोणपाटाचे सुटलेले धागे वर आले आणि त्यांना चिकटून जाड मिठाचे न विरघळलेले खडे. तिच्याच वाफ्यातलं मीठ होतं ते. तिला हसूही आलं आणि संतापही आला. अख्खा मिठागरी गाव सोन्याच्या डोक्याकडे बघत बसला आणि मिठाच्या पायांकडे कुणाचं लक्षच गेलं नाही!

ती तशीच शाळेत गेली. नझीर मास्तर उरणचे. रोज सायकलीनं येऊन मोठीखारची चौथीपर्यंतची शाळा चालवत. ओंजळीतले खडे आणि धागे तिनं टेबलावर ठेवले आणि सगळं सांगितलं.

मास्तर खडे निरखत म्हणाले, "मैनाबाई, मी परवाच उरणच्या चर्चमधल्या फादरना भेटून आलो. ते म्हणाले, हा माणूस आमचा नव्हे. बायबलात त्या राजाच्या स्वप्नाची गोष्ट आहे, पण तिच्यात ना मोठीखार आहे, ना अमावास्या, ना अंगठा. उलट पुढे एका राजानं ते स्वप्न उलगडणाऱ्या दानियेल नावाच्या संदेष्ट्याला बक्षीस देऊ केलं, तेव्हा त्यानं सांगितलं की तुझी बक्षिसं तुझ्याजवळच ठेव."

"आन हा आमच्या जमिनी मांगतंय!"

"हे मी चावडीत बोललो असतो तर लोकांनी मलाच हाकललं असतं. मुसलमान मास्तर दुसऱ्याच्या देवाधर्मात नाक खुपसतो म्हणाले असते. पण मिठाबद्दल तुम्ही बोललात तर गाव ऐकेल."

मैनाला त्याची खात्री नव्हती. तरी ती कामाला लागली.

गुरुवारी, ठरल्या दिवशी, चावडीसमोर कागदांची चळत, शाईची गादी आणि अंगठ्यांची रांग. सगळ्यांत पुढे रोहिदास. मैना डोक्यावर पाटी घेऊन आली आणि तिनं दोन परातींत दोन मातीचे खांब उभे केले, हातभर उंच, वर एकेक रिकामं मडकं. मग तिनं परातींत खाडीचं पाणी ओतलं.

"काय गो मैने, भातुकली मांडलीस?" कुणीतरी ओरडलं.

"बाबाचं राज्य मांडलंय," मैना म्हणाली. "दोनी खांब एकाच चिकलाचे. यो डावीकडचा पडेल, उजवा नाय पडाचा. मना कोन्या देवानं सांगितलं नाय. तरी बगा."

लोक हसले. बाबाही हसला. "अजाण स्त्री! ईश्वराशी पैज लावते! चला, अंगठे!"

वेळ जाऊ लागला. दोन्ही खांब ताठ उभे. पहिल्या पाच मिनिटांत लोकांची थट्टा संपली, पुढच्या पाचांत त्यांनी पाठ फिरवली. रोहिदासनं मान खाली घालून अंगठा शाईवर दाबला. बायकोनं चारचौघांत अब्रू काढली, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिलं होतं. मैनाला रडू येऊ लागलं. मीठ बारीक कुटलं होतं, तरी माती जाड लागली की काय? त्याचा काळा अंगठा कागदाकडे जाताना ती बघत राहिली.

"थांबा!" नझीर मास्तर पुढे झाले. "अंगठा देण्याआधी कागद मोठ्यानं वाचायला काय हरकत आहे?"

"दाखला पवित्र आहे! अपवित्र दृष्टी..." बाबा चळतीवर आडवा झाला.

तेवढ्यात मागे मडकं फुटल्याचा आवाज आला.

डावा खांब मधेच खचून परातीत पडला होता. उजवा जागच्या जागी. मैनानं पडलेल्या खांबात हात घातला आणि आतून रिकामी, लोंबती गोणपाटाची पिशवी वर काढली.

"ह्या पिशवीत मीठ भरलं व्हतं, वरून चिकल थापला. पानी शिरलं, मीठ गेलं, वरचा भार पडला. उजव्यात निस्ता चिकल हाय. मूर्तीच्या पावलांत हेच व्हतं. आपलंच मीठ! दोन गोनी माझ्या घरवाल्यानं पाठीव नेल्या. जा, खलग्यात बगा, खपली अजून हाय. दोन दिसांत एवडं मीठ कंच्या पान्यानं धरलं, तुमीच सांगा, तुमी आगरी हाव ना?"

म्हातारा गोटीराम उठला. गावात मिठाचा पारखी म्हणून त्याचा शब्द शेवटचा. तो काठी टेकत खाडीकाठी गेला, अर्धा गाव त्याच्यामागे. परत आला तेव्हा त्याच्या तळहातावर खपलीचा तुकडा होता. "मैनाच्या वाफ्यातलं हाय," एवढंच तो म्हणाला आणि ज्याच्या पायांवर सोमवारी डोकं ठेवलं होतं त्या बाबाकडे बघून खाली थुंकला.

आता मास्तरांनी कागद उचलला तेव्हा कुणी अडवलं नाही. त्यांनी मोठ्यानं वाचलं. नव्या राज्याचा त्यात पत्ता नव्हता. "मी राजीखुशीनं, पूर्ण मोबदला मिळून, माझी जमीन" मुंबईच्या कुणा शेठला कायमची विकत आहे, असं त्यात होतं. बाबेल बुडालं, इंग्रज गेला, पण हा शेठ काही बुडणारा नव्हता.

चेले कधीच पसार झाले होते. बाबा झगा सावरत होडीकडे पळाला, पण ओहोटीला होडी चिखलात रुतून बसली होती. भरतीची वेळ सांगणाऱ्याला ओहोटीची वेळ आठवली नाही! पोलीस पाटलानं त्याला तिथूनच उचलून उरणच्या ठाण्यात नेलं.

रोहिदास अंगठा धोतराला पुसत बसला होता. शाई निघत नव्हती. मैनाकडे न बघताच त्यानं मास्तरांना विचारलं, "मास्तर, बाबा लबाड, पटलं. पन राज्यं तं खरीच पडली ना? मंग ती कोन पाडतं?"

मास्तर म्हणाले, "देव मानायचा तर माना, त्याला माझी ना नाही. मीही नमाज पढतो. पण राज्यं पडली ती माणसांनी पाडली म्हणून. चिरनेरला तुमचीच माणसं मेली. त्यांनी 'लिहिलेलं टळत नाही' म्हणत पांघरूण घेतलं असतं, तर आज इथे इंग्रजाचा शिपाई उभा असता. ऐका, आता मीही एक भविष्य सांगतो."

लोक दचकले.

"येत्या पुनवेला भर दुपारी भरती चढेल आणि उगवतीच्या कोपऱ्यात बांध फुटेल. पाणी आधी मैनाबाईंच्या शेतात शिरेल, मग सगळ्यांच्या. हे मी ग्रह बघून नाही, बांध बघून सांगतो. आणि या भविष्याची खुबी एवढीच की तुम्ही मनात आणलंत तर ते खोटं पडेल."

दुसऱ्या सकाळी बांधावर पहिली पाटी रोहिदासनं टाकली. त्याच्यामागे मैना, मग दर घरातून एकेक माणूस. दहा दिवस माती पडत राहिली. पुनवेला पाणी बांधाच्या माथ्याखाली चार बोटांवर येऊन टेकलं, तिथे खूप वेळ रेंगाळलं आणि उतरलं. मैनाचं शेत कोरडं राहिलं, आणि नझीर मास्तरांचं भविष्य साफ चुकलं.

भविष्य सांगणारे पुढेही येतील. आभाळ मोठं आहे आणि भिणारी माणसंही पुष्कळ. त्यांना एकच विचारावं: तुझं भविष्य आम्हाला आमच्या हातांनी खोटं पाडता येईल का? नाही म्हणाला, तर त्याच्या हातातला कागद आधी वाचून घ्यावा.