हीटरमधली हडळ

विश्वंभर यांच्या खळ्यात त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी जिथे सुपारी वाळत पडायची तिथे आज अख्खी आळी उभी होती. सगळ्यांच्या नजरा पत्र्याच्या शेडकडे लागल्या होत्या आणि शेडच्या दारात भगवी शाल पांघरून गणराज महाराज आतल्या हीटरची उलटतपासणी घेत होते.

"बोल, कोण आहेस तू?"

"फट्," हीटर म्हणाला.

"बाई आहेस की बाप्या?"

"फट्! फट्!"

"बाई आहे!" महाराजांनी निकाल दिला. "विहिरीत जीव दिलेली आहे. सुपारीच्या वासाने आली आणि या घरच्या सुनेला धरून बसली."

"व्हय, व्हय, मीबी आयकला!" शेजारची जनी ओरडली. काय ऐकलं ते मात्र तिला कुणी विचारलं नाही.

नेमक्या याच वेळी कुमुद अलिबागहून एसटीने येऊन दारात पोचली. विश्वंभरांची ही थोरली बहीण. हायस्कुलात विज्ञान शिकवण्यात तिचा जन्म गेला होता आणि मूर्खपणा समोर दिसला की तिचं कपाळ अजूनही आपोआप दुखायला लागे. "सूनबाईला बाधा झालीय, ये," एवढाच भावाचा फोन होता.

झालं होतं ते असं. यंदा पाऊस जायचं नाव घेत नव्हता. उन्हाचा पत्ता नाही आणि सुपारीला बुरशी धरू लागलेली. तेव्हा विश्वंभरांच्या मुलाने, म्हणजे अजेयने, पनवेलच्या एका बंद पडलेल्या गोदामातून रॉकेलवर चालणारा जुना हीटर आणला. आडव्या पिंपासारखा, खाली टाकी, मागे पंखा आणि पुढून गरम हवेचा झोत. विश्वंभर स्वभावाने काटकसरी. विकतची ऊब फुकट जाऊ नये म्हणून त्यांनी शेडच्या खिडक्यांना प्लास्टिक ठोकलं आणि दाराच्या फटीत गोणपाट कोंबलं. सुपारी वरखाली करायचं काम सून मृणालीकडे. ती आत जायची आणि थोड्या वेळाने भेलकांडत, ओकत, भलतंसलतं बरळत बाहेर यायची.

डॉक्टरकडे न्यायचं सोडून घरच्यांनी महाराजांना बोलावलं. महाराजांनी तिला उचलून तुळशीपाशी आणवलं, अंगारा लावला आणि काय आश्चर्य, ती शुद्धीवर आली! पुन्हा आत गेली, पुन्हा तेच. महाराजांचा भाव वधारला. मग त्यांनी हडळीला जखडायला हीटरच्या टाकीत तीर्थ ओतलं. तेव्हापासून हीटर बोलायला लागला.

"आता शेवटचा उपाय," महाराज गरजले. "सूनबाई एकटी आत बसेल. दाराला बाहेरून कडी. हडळ तिच्या तोंडून 'जाते' असं म्हणेपर्यंत दार उघडायचं नाही. किंकाळ्या आल्या तरी!"

मृणाली भिंतीला धरून उभी होती. तिचे ओठ पांढरे पडले होते. अजेय जमिनीकडे बघत होता आणि विश्वंभरांनी कडीवर हात ठेवलेला होता. ते बघून कुमुद गर्दीतून वाट काढत पुढे आली.

"विश्वंभर, कडीवरचा हात काढ," ती म्हणाली. मग मृणालीकडे वळली. "मुली, डोकं कधी दुखतं?"

"आत असलं की, आत्या. बाहेर आले की बरं वाटतं."

"आणि स्वयंपाकघरात? वाडीत?"

"तिथे काहीच होत नाही."

"म्हणजे ही हडळ शेडचा उंबरठा ओलांडत नाही. मोठी शिस्तीची दिसते!" कुमुद महाराजांकडे वळली. "महाराज, पोरगी एकटी कशाला? तुम्हीही बसा तिच्याबरोबर. तुमच्यासमोर हडळीची काय बिशाद?"

"माताजी, आमचं आज मौन आहे."

"सकाळपासून बोलताय की!"

"म्हणजे... आमचं आसन उघड्या आकाशाखालीच लागतं."

"आवो, पयल्या दिशी बसलं व्हतं की आत!" जनी बोलून गेली. "मंग उलटी करीत भायेर आलं."

गर्दीत कुजबुज झाली. कुमुदचा आवाज एकदम खाली आला आणि तिच्या वर्गात बसलेल्या कुणालाही त्या आवाजाची भीती वाटली असती.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. आत माणसाला काय होतं ते स्वतः भोगून ठाऊक होतं आणि तरी हिला कोंडायला निघालात?"

महाराज गाडीची चावी शोधू लागले.

"अजेय, हीटर बंद कर. प्लास्टिक फाड. दाराची दोन्ही कवाडं उघड."

हीटर पुरता थंड झाल्यावर तिने टाकीतलं रॉकेल पारदर्शक बाटलीत काढायला लावलं आणि बाटली सगळ्यांसमोर धरली. वर रॉकेल, खाली कुंकवाने लाल झालेलं पाणी आणि त्यात एक तुळशीचं पान.

"ही तुमची हडळ. पाणी जड, ते रॉकेलच्या तळाशी बसतं. हीटर तळातून ओढतो आणि पाण्याचा थेंब ज्योतीत गेला की फट्! विचारा काहीही, उत्तर तेच."

मागची जाळी काढली. ती सुपारीच्या सालांच्या तंतूंनी आणि धुळीने पार बुजली होती.

"इथून हीटर हवा घेतो. ही बुजलेली, वर शेडही बंद. पुरेशी हवा न मिळता रॉकेल जळलं की कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तात भिनतो, डोकं फुटतं, माणूस बरळतो आणि आतच राहिला तर मरतो. तुळशीपाशी हिला अंगाऱ्याने बरं केलं नाही, मोकळ्या हवेने केलं. तरी आत्ताच्या आत्ता हिला डॉक्टरकडे न्यायचं, रक्त तपासायचं."

"आणि सुपारी?" विश्वंभर पुटपुटले.

सून मरता मरता वाचली आणि याला सुपारीची काळजी! कुमुदने भावाकडे असं पाहिलं, की त्याने मान खाली घातली. तरी तिने सांगितलं, "सुपारीचा दमट वाफारा बाहेर जायला वाट नको? कोंडलीस म्हणूनच बुरशी वाढली."

मृणालीला डॉक्टरकडे न्यायला रिक्षा बोलावली. रिक्षा येईपर्यंत अजेयने जाळी धुऊन वाळवली, टाकी पुसली आणि स्वच्छ रॉकेल भरलं. दोन्ही कवाडं सताड उघडी ठेवून हीटर लावला. तो एकसारखा घूं करू लागला.

"काय गो, बाई की बाप्या?" जनीने वाकून विचारलं. हीटर नुसता घूं करत राहिला. जनीच आधी हसली, मग सगळं खळं हसलं. महाराजांची गाडी तोवर वळणापार झाली होती.

मृणाली मात्र हसली नाही. ती सासऱ्यांसमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, मी आतून ओरडले असते, तर तुम्ही दार उघडलं असतंत?"

विश्वंभर घरात गेले, पेचकस घेऊन आले आणि शेडची बाहेरची कडीच काढू लागले. मृणालीने पदराने तोंड पुसलं आणि गर्दीकडे वळून म्हणाली, "घरात कुणाचं डोकं फिरल्यासारखं झालं, तर आधी दारं-खिडक्या उघडा. माणसाला बाहेर काढा, डॉक्टरकडे न्या, आणि हे का झालं ते विचारा. दार लावून घ्या असं सांगणारा कितीही मोठा महाराज असो, त्याचं ऐकू नका."