मयताची फळी

शिवलिंगप्पाने दुकानाची एकच फळी खाचेतून वर उचलून काढली, आतल्या भिंतीला टेकवली आणि उरलेल्या आठ फळ्यांमागच्या अंधारात तो घासलेटच्या डब्यांशेजारी बसला. बाहेर जळकोटची पेठ चिडीचूप होती. आज येळवस. दिवस उगवायच्या आतच गाड्या शिवाराकडे गेल्या होत्या. मार्गशीर्षातल्या या अमावास्येला गावात मागे राहतात ती कुत्री आणि अंथरुणाला खिळलेली माणसे. बाकी सारे शेतात, कडब्याच्या कोपीपुढे आंबील आणि भज्जी घेऊन बसलेले असतात.

येळवसेला पेठ उघडायची नाही, हा आजोबांच्या वेळेपासूनचा दंडक होता. त्याला सवलत एकच. कुणी मेले तर कापूर, विभूती आणि कापड देण्यापुरती एक फळी काढायची, आणि माणूस गेला की लगेच लावायची. मयताची फळी म्हणत तिला. सणाच्या दिवशी पेठेत एखादी फळी निघालेली दिसली की लोक आधी विचारत, कोण गेले.

आज कुणीच गेले नव्हते. आला होता तो हुकूम. लढाईमुळे घासलेट कंट्रोलमध्ये आले होते आणि गावात ते वाटण्याचा परवाना शिवलिंगप्पाकडे होता. परवा तुळजापूरच्या तहसिलीतून दवंडी आली: पंधरवड्याचे घासलेट अमावास्येलाच वाटायचे, त्या दिवशी जो नेणार नाही त्याचा हिस्सा बुडाला, तहसिलीचा तपासनीस, गिरदावर, बघायला येईल, दुकान बंद आढळले तर परवाना रद्द. तातिलीच्या, म्हणजे सुट्ट्यांच्या, सरकारी यादीत येळवस नव्हतीच.

काल दुपारी तो महांतप्पांकडे गेला होता. महांतप्पा पेठेचे पंच, आणि आता सोयरे. शिवलिंगप्पाच्या लेकीची, महादेवीची, सोयरीक त्यांच्या धाकट्याशी ठरली होती. येळवसेला सून आमच्या शेतावर येऊ दे, सांजच्याला परतताना वाड्यावर उतरवून पाच बायकांकडून तिची ओटी भरू, असा त्यांचाच निरोप होता.

महांतप्पांनी सगळे ऐकून घेतले होते. ते संतापले नाहीत, आणि म्हणूनच त्यांच्यापुढे बोलणे अवघड गेले.

"शिवलिंगप्पा, आज तुम्ही उघडलं की पुढच्या साली पलीकडचा किराणावाला उघडणार. त्यानं उघडलं की कापडवाला. मग हमाल कुठं जातील? तोलारी कुठं जातील? वर्साचा ह्यो एकच दिवस त्यांच्या डोईवर पोतं नसतंय."

"मला का कळत न्हाय, आण्णा? पर परवाना गेला तर मी काय विकू? मीठ?"

महांतप्पा थोडा वेळ सुपारी कातरत राहिले.

"मयताची फळी काढा," ते म्हणाले. "गिरदावर येऊन बघून जाईस्तवर. तो गेला की लावा. सरकारचं राहिलं, पेठेचंबी राहिलं. उरलेल्या घासलेटाचं उद्या आपण आपल्यात बघू."

तोड इतकी सरळ होती की शिवलिंगप्पाला वाटले, ही आपल्यालाच सुचायला हवी होती. घरी येऊन त्याने बायकोला, प्रेमाबाईला, सांगितले. ती पिठाचे हात तसेच धरून उभी राहिली.

"म्हंजी तुमी येनार न्हाई शेतात."

"गिरदावर लौकर आला तर येईन की."

"ते कवा लौकर आलेत," ती म्हणाली आणि पुन्हा बाजरीचे उंडे वळू लागली.

आता फटीतून येणारा उन्हाचा पट्टा डब्यांवरून सरकत पोत्यांवर आला होता. सकाळपासून तिघे येऊन गेले: शाळेचे मास्तर, चावडीवरचा शिपाई आणि मशिदीतला म्हातारा. तिघांनीही कोण गेले म्हणून विचारले. मास्तरांनी बाटली घेताना आत वाकून पाहिले आणि म्हटले, "शिवलिंगप्पा, तुम्हाला कुणी कोंडून घातल्यासारखं दिसतंय." तो हसला होता. नंतर दोन वेळा उठून फटीबाहेर हात काढून बघितला. उगाच.

गिरदावर दुपार कलल्यावर घोड्यावरून आला. खाली उतरला नाही.

"एकीच फळी, सेठ?"

"सण हाय, साहेब. लोक शेतावर हायत."

"हमको क्या. दुकान खुली है तो है." त्याने कागद मांडीवर धरून त्यावर काहीतरी खरडले, पाणी मागितले, ते उभ्या घोड्यावरच प्यायला आणि नळदुर्गाच्या सडकेने निघून गेला.

शिवलिंगप्पाने लांब श्वास सोडला. उन्हे अजून होती; लगबगीने गेले तर महांतप्पांच्या शेतावरची शेवटची पंगत सापडली असती. त्याने धोतराचा सोगा खोचला आणि भिंतीची फळी उचलली. ती खाचेत बसवताना बाहेरून एका हाताने ती धरली. हातावर दगडाची पांढरी भुकटी बसली होती.

"मालक, जरा थांबा की."

ती सारजाबाई होती, सडकेवर खडी फोडणारी. मोकळ्या हातात कंट्रोलची चिठ्ठी आणि बाटली दोन्ही तिने एकदम धरल्या होत्या.

"गिरदावर गेला का?"

"गेला. तुम्ही शेतावर न्हाय गेलात? कुणी बोलावलं न्हाय?"

"बोलावलं की. दोघातिघांनी बोलावलं. येळवसंला कोन कुनाला इसरतंय?" तिने बाटली फटीतून आत सरकवली. "पर आंबील काय, फुडल्या सालीबी मिळंल. आज रांग न्हाय, म्हून आले. चार पंधरवडे झाले मालक, माजा नंबर आला का तुमचा डबा पालथा."

शिवलिंगप्पाने बाटली हातात घेतली. दर वाटपाला तो वाड्यांकडून आलेले डबे आधी भरत असे. तसे कुणी सांगितलेले नव्हते. ती माणसे ओट्यावर असत आणि ही खाली असे, एवढेच. तिचा नंबर आला की डबा संपलेला असे, आणि डबा संपला की तो फळ्या लावत असे. त्यात त्याला कधी काही वावगे वाटले नव्हते.

त्याने नरसाळे बसवून माप ओतले.

"हे घ्या. आन् कुनाला सांगू नका. मला फळी लावायची हाय."

सारजाबाई हसली. तोंडात दोनच दात होते.

"सांगायचं काय त्यात? ती बघा बसल्यात. सरकारी मानसाला भ्यात्यात, त्यो घोडेवाला जायाची वाट बघत हुती."

त्याने फटीतून मान बाहेर काढली. मारुतीच्या पाराखाली माणसे उकिडवी बसली होती. कुणाच्या हातात बाटली, कुणाच्या हातात चेपलेला डबा. तो बघतो आहे असे दिसताच ती उठली आणि कुणी न सांगता एकामागे एक उभी राहिली. वीसेक असतील. रांगेत ढकलाढकली नव्हती. शेवटच्या म्हाताऱ्याने डोक्यावरचे मुंडासे काढून हातात घेतले होते, देवळात शिरावे तसे.

फळी अजून शिवलिंगप्पाच्या हातात होती. उरलेल्या घासलेटाचं उद्या आपण आपल्यात बघू, हे महांतप्पांचे वाक्य काल त्याच्या कानावरून नुसते गेले होते. आता त्यातला प्रत्येक शब्द त्याला वेगळा ऐकू आला. फळी लावली असती तर कुणी ओरडले नसते. ही माणसे ओरडणारी नव्हती. आली तशी गेली असती. महांतप्पांना दिलेला शब्द राहिला असता, महादेवीची ओटी भरली असती. आणि हमालांचा दिवस मोडू नये, हे त्यालाही मनापासून पटत होते. कुठल्याही बाजूने बघितले तरी फळी लावणेच बरोबर होते.

"मालक, दबा धरल्यावानी काय उबे राहिलात?" सारजाबाई म्हणाली. "दमला असाल तर बसून वता."

तो खाली बसला. फळी त्याने मांडीशी आडवी ठेवली, म्हणजे लगेच उचलता येईल. पहिली बाटली भरली, मग दुसरी. प्रत्येक वेळी वाटे की एवढी एक झाली की पुरे. कुणाच्या बाटलीचे तोंड फुटके निघाले, कुणाची चिठ्ठी पार विरलेली. एका बाईने दोन चिठ्ठ्या दाखवून एक शेजारणीची आहे, ती बाळंतीण आहे, असे सांगितले. त्याने दोन्ही भरल्या. उन्हाचा पट्टा पोत्यांवरून उतरला आणि नाहीसा झाला.

सहा-सात माणसे उरली असताना घुंगरे ऐकू आली. सगळ्यात पुढे असते ती महांतप्पांचीच गाडी. रांग भिंतीला चिकटली. गाडी दुकानापुढे थांबली. आत रिकामी मडकी, विझलेला टेंभा, बायका. प्रेमाबाईच्या शेजारी महादेवी, नव्या इरकली लुगड्यात, केसांत करडईचे हिरवे पान अडकलेले.

महांतप्पांनी कासरा आवळला. त्यांनी रांगेकडे पाहिले, फटीकडे पाहिले.

"गिरदावर न्हाय आला?"

शिवलिंगप्पाला न्हाय आला म्हणता आले असते.

"दुपारीच येऊन गेला, आण्णा."

बैलांनी माना हलवल्या. मागच्या गाड्याही थांबल्या होत्या. त्यातून कुणीतरी, "कोन गेलं वो?" असे विचारले.

महांतप्पांनी गाडीतल्या बायकांकडे वळून पाहिले. मग ते बोलले तेव्हा त्यांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता.

"प्रेमाबाई, पोरीला घेऊन इथंच उतरा. वाड्यावर आज उशीर होईल."

प्रेमाबाईने एकदा नवऱ्याकडे पाहिले आणि पाटी उचलली. महादेवी चाकावर पाय देऊन खाली उतरली. गाडी पुढे निघाली, तिच्यामागून बाकीच्या. धूळ बसेपर्यंत रांगेतले कुणी हलले नाही.

"मालक, मी उद्या येते," रांगेतली पुढची बाई पुटपुटली.

"उद्या न्हाय मिळत," तो म्हणाला. त्याने तिच्या हातातली बाटली घेऊन माप ओतले. नरसाळ्याच्या बाहेर घासलेट सांडले.

महादेवी अंग चोरून फटीतून आत आली. तिने लुगड्याचा पदर कमरेला खोचला, त्याच्यासमोर बसली आणि बाटलीच्या तोंडावर नरसाळे दोन्ही हातांनी घट्ट धरले. त्याने ओतायला सुरुवात केली. बाटली भरेपर्यंत तिने वर पाहिले नाही.