श्रावणात मोजलेला भार

मित्रांनो, मुरबाडच्या बाजारात एक तीन मजली व्यापारी इमारत आहे. तिच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये रंग उडालेला जुना जनरेटर दिसतो ना, तो मी. वीज गेली की माझं काम सुरू होतं, आणि माझी भीतीही.

मला इथे आणलं ते २००३ सालच्या पावसाळ्यात. त्याआधी वायरमन भगीरथ इमारतीचा भार मोजून गेला होता. ती हकिकत मला चालवणाऱ्या बुधूकडून मी पुष्कळदा ऐकली आहे. मुख्य तारेला चिमट्यासारखं मीटर लावून भगीरथने विचारलं, "शेठ, समदं चालू हाय ना?"

मालक अनंताशेठ म्हणाले, "समदं चालू. महादूची मच्छीची कोल्ड रूम तेवढी बंद. श्रावण पाळतो तो."

"बरं हाय, नाक दाबून मोजाया नको," भगीरथ हसला आणि कागदावर सतरा किलोवॅट लिहून मोकळा झाला. म्हणून वीस किलोवॅट पेलणारा मी आलो. तीन शिल्लक राहतात म्हणून शेठही खूश.

मला हार घातला, नारळ फोडला. महिनाभर मी दुकानं उजळली, पंप चालवला. वरच्या मजल्यावर प्रसूतिगृह आहे. त्याची खिडकी माझ्या डोक्यावरच. तिथल्या बाळांचं रडणं ऐकलं की मला बरं वाटे.

मग गणपती गेले. एका मंगळवारी दुपारी वीज गेली. वर धसईकडच्या एका पाड्यावरच्या मैनाची लेक होती. आठव्या महिन्यातच जन्मलेली, ऊब देणाऱ्या काचेच्या पेटीत ठेवलेली. बुधूने मला सुरू केलं. इतक्यात खाली महादूच्या कोल्ड रूमची मोटर उठली. अशी मोटर फिरताना थोडं खाते, पण उठताना पाच-सहा पट मागते. माझा श्वास कोंडला. दिवे मिणमिणले, काळा धूर सुटला आणि मी बंद पडलो.

बुधूने पुन्हा चालू केलं. पुन्हा तेच. वरून दाई गीताबाईंची हाक आली, "बुधू, पेटी गार पडत चालली रे."

बुधू महादूकडे धावला. "तुझा खटका पाड."

"आजच माल भरलाय. तुझं मशीन अशक्त, त्याला माझी मच्छी काय करनार?"

मी लाजेने आणि भीतीने गोठून उभा होतो. वरून रडणं ऐकू येत नव्हतं. रडणं नसणं इतकं भयंकर असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

गीताबाई जिना उतरून आल्या. आवाज न चढवता म्हणाल्या, "पोर आईच्या छातीशी दिलीय, पन तेवढी ऊब पुरायची नाय. महादूभाऊ, तुझी मच्छी बर्फावर चार घटका टिकंल."

महादूने खटका पाडला.

बुधूने तिसऱ्यांदा हात लावला तेव्हा मी देवाचं नाव घेतलं. या वेळी धरून राहिलो. बराच वेळ मला फक्त माझीच घरघर ऐकू येत होती. मग वरून मांजरीच्या पिलासारखं बारीक रडणं आलं.

दुसऱ्या दिवशी भगीरथ आला. माझ्यासमोर मान खाली घालून म्हणाला, "चूक माझी. उपासाच्या दिवशी भूक मोजली मी."

इमारतीला नवा मोठा जनरेटर आला. मला फक्त प्रसूतिगृहाची लाइन दिली. तरी सुरू होताना मी आजही थरथरतो. पाचेक वर्षांनी मैना लेकीला, रुपाला, घेऊन आली होती. मी सुरू होताना पोरीने माझ्या पत्र्यावर हात ठेवला. "आये, ह्यो कापतो."

"भ्यालाय गो तो," मैना म्हणाली. "तुझ्या टायमाला पन असाच भ्यालेला."

मित्रांनो, कुणावर भार टाकायचा असेल, तर तो सर्वांत जड दिवशी मोजा. आणि कुणी मध्येच थांबला, तर त्याला अशक्त म्हणण्याआधी तुमच्या हातातला एखादा खटका पाडता येतो का, तेवढं पाहा.