आधी मालकाचा पाय

"ताबडतोब या हो! तळघरातल्या स्वयंपाकघरात पाणी आलंय. साधंच आहे, बेसिनचं. संध्याकाळी ऐंशी पाहुणे जेवायचेत माझ्या हॉटेलात."

फोनवरचा आवाज ऐकला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन वर्षं झाली, पण तो गुळचट आवाज मी झोपेतसुद्धा ओळखेन. आम्ही घरात त्याला गोडबोल्या म्हणतो. ह्याच माणसाने, ह्याच तळघरात, "साधं पाणी आहे" असं सांगून माझ्या दादाला गटाराच्या चेंबरमध्ये उतरवलं होतं.

आमचा धंदा घाणीचा. गटार तुंबून घरात, दुकानात उलटं आलं की लोक आम्हाला बोलावतात. आम्ही उपसतो, खरवडतो, धुतो, वाळवतो. पाणी साधं असेल तर बूट आणि हातमोजे पुरतात, तीन तासांत जागा मोकळी. मैल्याचं असेल तर अंगभर सूट, मास्क, गॅसचं मीटर, आणि चार दिवस जागा बंद. त्या दिवशी दादा बूट-हातमोज्यांवर गेला. चेंबरचं झाकण उघडलं, आत उतरला, आणि गॅसने आडवा झाला. वाचला, पण छाती गेली. चार पावलं चालला तरी धाप लागते.

तेवढ्यावर थांबलं असतं तर एक वेळ गिळलंही असतं मी. पण गोडबोल्याने पोलिसांना सांगितलं, "मी बजावलं होतं मैला आहे म्हणून. पिऊन आला होता, ऐकेचना." माझा दादा! ज्याने उभ्या जन्मात दारूचा थेंब तोंडात घेतला नाही, तो! आणि लोकांचं काय, विश्वास ठेवायला एका पायावर तयार. एक दिवस दादाची लेक शाळेतून आली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही दारू प्यायचात?" त्या दिवसापासून दादाने उंबरा ओलांडलेला नाही.

म्हणून मला एकच गोष्ट हवी होती. खरं काय ते गोडबोल्याच्याच तोंडून, चार माणसांसमोर.

दादानंतर धंदा वहिनी चालवते, नावही बदललंय. त्यामुळे आपण कुणाला फोन लावलाय हे त्या शहाण्याला कळलंच नव्हतं. मी वहिनीला म्हटलं, "वहिनी, जायचंच नाही. बुडू दे मेल्याला नाकातोंडापर्यंत."

वहिनी शांतपणे सूट गाडीत भरत म्हणाली, "जायचं भाऊजी. नियमाने जायचं."

नियम वहिनीचाच. पाणी कसलं ते गिऱ्हाइकाने स्वतःच्या हाताने फॉर्मवर लिहायचं. आणि 'साधं' लिहिलं, तर आमच्या माणसांच्या आधी त्याने बूट काढून त्या पाण्यात उभं राहायचं. ज्यांचं खरंच साधं असतं ते हसत हसत उतरतात. एका शाळेच्या मोठ्या बाई तर वर आम्हालाच म्हणाल्या, "या की, गार आहे!"

दुसरा नियम आमच्यासाठी. मास्क चढवण्याआधी वहिनी प्रत्येकाला विचारते. जिन्याच्या तोंडाशी तिने मला विचारलं, "वास येतोय?"

"येतोय."

"कसला?"

"गटाराचा, आणखी कसला! अत्तराचा येणारे का?" मी खेकसलो. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि मास्क वर ओढला.

खाली गोडबोल्या शेवटच्या पायरीवर उभा. कडक इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट. मॅनेजर आणि आचारी त्याच्या मागे. एका हाताने नाकाला रुमाल लावून त्याने दुसऱ्या हाताने फॉर्मवर लिहिलं, 'साधं.' लाज म्हणून काही असते की नाही माणसाला!

"आता बूट-मोजे काढा," वहिनी म्हणाली.

"गंमत करता काय बाई?"

"सहीच्या वर छापलंय. वाचा."

"मी कशाला उतरू? तुम्हाला बोलावलंय ना त्यासाठी?"

"साधंच पाणी आहे. पाय स्वच्छ होतील तुमचे."

आचारी फिस्सकन हसला. गोडबोल्याने वळून त्याच्याकडे डोळे वटारले. मग आमच्याकडे बघून हसला, माझ्या खांद्यावर हात ठेवायला आला, मी मागे सरकलो. शेवटी दात-ओठ खात त्याने एक बूट काढला. मोजा काढला. लोण्याच्या गोळ्यासारखा पांढरा, मऊ पाय. तो पाय हळूहळू खाली गेला आणि पाण्याच्या वर वीतभर थांबला. खरं सांगतो, दोन वर्षांत मला एवढं सुख झालं नव्हतं. वाटलं, लोटून द्यावा तोंडावर. माझे हात शिवशिवत होते.

पाय वर आला. "नाही! मैला आहे हा!"

"कशावरून?"

"कशावरून म्हणजे? वास येत नाही का तुम्हाला?"

वहिनीने मास्क खाली ओढला. "आणि दोन वर्षांपूर्वी? तेव्हा नव्हता आला तुम्हाला?"

त्याने तिला ओळखलं. त्या दिवशी ती ह्याच जिन्यावर बसून टाहो फोडत होती. गोडबोल्याची पाचावर धारण बसली. गोडबोल्या आणि शब्द फुटेना! बघण्यासारखं दृश्य होतं.

शब्द फुटला तो आचाऱ्याला. "आला होता. वरपर्यंत आला होता. साहेब म्हणाले, गप्प बस, गिऱ्हाईक पळेल. आणि ते दादा प्यालेले नव्हते हो. उतरण्याआधी माझ्याकडूनच पेलाभर पाणी घेतलं होतं त्यांनी."

"आणि तू दोन वर्षं तोंडाला कुलूप लावून बसलास?" मी त्याच्यावर धावून गेलो. वहिनीने मला हाताने अडवलं. आचाऱ्याची मान खाली.

वहिनीने गोडबोल्यापुढे पेन धरलं. "लिहा. नाहीतर उतरा."

त्याने मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजर छताकडे बघत होता. मग एक पाय बुटात, एक उघडा, अशा अवस्थेत त्याने लिहिलं: 'आजचं पाणी मैल्याचं आहे. त्या दिवशीचंही होतं. मला माहीत होतं. तो माणूस प्यालेला नव्हता.' खाली आचाऱ्याने सही केली, मॅनेजरनेही.

मग आम्ही कामाला लागलो. पाणी जिथपर्यंत चढलं होतं त्याच्या वर वीतभर मी खडूने भिंतीवर रेघ मारली. रेघेखालचं लाकूड, पिठं, खोकी, सगळं बाहेर. त्याच्या लाडक्या कोरीव कपाटावर पहिला हातोडा मीच घातला, आणि चांगला दणकून घातला. दारावर पाटी लागली: चार दिवस बंद. वर गोडबोल्या ऐंशी पाहुण्यांची माफी मागत फोन करत होता. ते गोड बोलणं ऐकून माझे कान निवले.

दुपारी बाकीच्यांवर काम सोपवून आम्ही दोघं घरी आलो. दादाने कागद दोनदा वाचला, आचारी काय म्हणाला तेही ऐकून घेतलं. मग विचारलं, "वास वरपर्यंत आला होता?"

"आचारीच म्हणाला तसं."

दादाने कागद घडी घालून खाली ठेवला. "मला नव्हता आला रे."

"म्हणजे?"

"वर्षभर आधीच नाक गेलं होतं माझं. पंधरा वर्षं घाणीत काढली, जाणारच. सांगणार कुणाला? नाक गेलेल्याला आपल्या धंद्यात काम कोण देतं? म्हणून मग गिऱ्हाईक सांगेल ते खरं मानायचो."

मी भडकलो. "म्हणजे त्याला सोडायचं?"

"सोडायचं कशाला? त्याला तर नाक होतं ना? उद्याच कागद पोलिसांत दे." दादा भिंतीला धरून उठला. "माझा शर्ट कुठाय? आज लेकीला शाळेतून मी आणणार."

मला रडू फुटायच्या बेतात होतं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून वहिनी आली, मुठीत फडकं घेऊन.

"भाऊजी, डोळे मिटा." तिने फडकं माझ्या नाकाशी धरलं. "कसला वास?"

मी दोनदा श्वास ओढला. "साबणाचा."

"रॉकेल आहे हे," वहिनी म्हणाली. "भिजवून आणलंय. सकाळी जिन्यावर काय म्हणालात मला?"

मी काही बोलणार एवढ्यात दादा आतल्या खोलीतून आला, सगळं ऐकून. अर्धी बटणं लावलेली, चार पावलांत धाप लागलेली. आणि त्याने माझ्या कानाखाली असा जाळ काढला की डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"त्याचं खोटं कागदावर आणलंस," तो धापा टाकत म्हणाला, "आता तुझं लिही."

वहिनीने कोरा फॉर्म पुढे सरकवला. मी पेन उचललं.