रडारवालीची नजर

सुनेच्या विमानात बसायला सासरे तयार झाले ते केवळ बहिणीला भेटायच्या ओढीनं. तीस वर्षं बस चालवलेला माणूस. दुसऱ्याच्या हाती चाक असलं की त्यांचा उजवा पाय आपसूक ब्रेक शोधायचा. विमान चार जणांचं, एका इंजिनाचं. सुनेला परवाना मिळून दोन वर्षं झाली होती.

सकाळी दहाला ते उडाले. अर्ध्या तासानं समोर धुरकट पट्टा दिसायला लागला. त्याच्या पलीकडे मोठा विमानतळ होता, म्हणजे त्या भागात विमानांची वर्दळ असणार. सुनेनं तिथल्या रडारकक्षाचा रेडिओ लावला.

सासऱ्यांनी लगेच विचारलं, रस्ता माहीत नाही का तुला?

"रस्ता माहीत आहे, बाबा. पण या धुरक्यात आणखी कोण उडतंय ते मला नीट दिसणार नाही, रडारवर दिसतं. तिकडून लक्ष राहिलं तर बरं."

आधी तिनं नुसतं ऐकलं. एक बाई तीन मोठ्या विमानांना एकामागोमाग उतरवत होती. जरा उसंत मिळताच सून आपल्या विमानाचा क्रमांक सांगून एवढंच बोलली, "रडार, चार-दोन-सात. एक विनंती आहे."

उत्तर आलं, "चार-दोन-सात, थांबा."

"झालं, हाकललं," सासरे म्हणाले.

सून हसली. हाकललं नाही, नोंद घेतली, असं तिनं सांगितलं. सगळं पाल्हाळ आत्ताच लावलं असतं तर उतरणाऱ्या विमानाचं बोलणं अडलं असतं. आणि वेळच नसेल तर ती बाई सरळ नाही म्हणेल. तो तिचा हक्क. मग आपण आणि आपले डोळे.

चार मिनिटांनी बोलावणं आलं. सुनेनं एका दमात सांगितलं: विमान कुठलं, आत्ता कुठे, किती उंचीवर, जायचं कुठे, आणि वाटेत लक्ष ठेवाल का. पलीकडून चार आकडी क्रमांक मिळाला. रडारवर आपलं विमान ओळखू यावं म्हणून तो तिनं समोरच्या यंत्रात भरला.

"चार-दोन-सात, दिसलात. धरणाच्या उत्तरेला सहा मैल, साडेचार हजार फूट."

सासऱ्यांनी वाकून पाहिलं. मागे उजवीकडे धरण होतं खरं.

धुरक्यात शिरून पाच मिनिटं झाली असतील. बाईचा आवाज पुन्हा आला, तसाच सावकाश. समोर थोडं डावीकडे, तीन मैलांवर, तुमच्याच उंचीला एक छोटं विमान, तुमच्याकडेच येतंय. सुनेनं डोळे ताणले. पांढुरक्या आभाळात काहीच दिसेना.

"दिसत नाही," तिनं कळवलं. "कुठे वळू?"

"उजवीकडे वळा, तीस अंश."

तिनं विमान वळवलं. पंख कलला तसे सासरे डाव्या खिडकीकडे झुकले आणि त्यांनी बोट दाखवलं. "तो बघ. पांढरा, लाल शेपटीचा."

ते विमान डावीकडून, बरंच अंतर राखून निघून गेलं. सुनेनं दिसल्याचं कळवलं. बाईनं पुन्हा मूळ दिशा धरायला सांगितलं आणि दुसऱ्या कुणाशी बोलायला लागली.

सासऱ्यांना तिचे आभार मानायचे होते. त्यांनी माइककडे हात नेला, तर सुनेनं मान हलवली. लाइन मोकळी ठेवायची असते.

छोट्या धावपट्टीवर उतरल्यावर सासरे विमानातून खाली आले, त्यांनी कंबर सरळ केली.

"नजर अजून चालते माझी," ते म्हणाले.

"म्हणून तर तुम्हाला पुढे बसवलं."

कुंपणापाशी त्यांची बहीण हात हलवत उभी होती. तिच्याजवळ पोचण्याआधीच त्यांनी सांगायला सुरुवात केली.