सोबतीचा पाव

बेकरीवाल्याच्या घरात गव्हाला बंदी होती. ऐकणाऱ्याला गंमत वाटायची, पण त्यात गंमत काडीची नव्हती. त्याच्या मुलीला, चिमणीला, गहू चालत नसे. म्हणजे आवडत नसे असं नव्हे. गव्हाचा कण पोटात गेला की पोरीची आतडी सोलवटून निघत. पाच वर्षांची असताना पोटाचा नगारा आणि हातापायांच्या काड्या झाल्या, तेव्हा कुठे दुखणं सापडलं.

तेव्हापासून ज्या पिठावर पोट भरायचं त्याच पिठाशी बेकरीवाल्याने असं वैर धरलं की विचारू नका. दुकानातून निघताना तो मागच्या नळाखाली डोक्यावरून अंघोळ करी, नखं घासी, कपडे बदली आणि मगच घरी जाई. कामावरची माणसं म्हणत, "शेठ निघाले मुलगी बघायला!" तोही म्हणे, "बघायलाच निघालोय. माझीच आहे."

घरी वेगळी भट्टी, वेगळे साचे, आणि पीठ तांदळाचं. बाजारच्या पिठावर त्याचा विश्वास नव्हता. कुणाच्या गिरणीत आधी काय दळलं असेल, देव जाणे. म्हणून ठरलेल्या व्यापाऱ्याकडूनच पोती आणायची, तीही बिनपॉलिशच्या तांदळाची, कारण सगळं सत्त्व म्हणे कोंड्यातच असतं, आणि घरच्या चक्कीवर दळायचं. तांदळाचा पाव म्हणजे हट्टी पोर, फुगायचं नाव घेत नाही. कित्येक पाव विटेसारखे निघाले. पण गडी इरेला पेटला होता. शेवटी एकदाचा जमला, मऊ आणि जाळीदार. चिमणीने पहिला घास घेतला आणि विचारलं, "आई, तू पण हाच खाणार?"

"हाच. तुला एक नि मला एक, असलं काही आपल्याकडे नाही," आई म्हणाली.

बाई शब्दाला जागली. सकाळी पाव, दुपारी त्याच तांदळाचा भात, रात्री पुन्हा पाव. बेकरीवाल्याला दुकानात गव्हाचा माल चाखावा लागे, त्यातच त्याचं पोट भरायचं. घरच्या पावाला धनिणी दोनच, माय आणि लेक. पाव कापताना त्यांची कुजबुज चाले, हसू फुटे, आणि बेकरीवाल्याला स्वतःच्या घरात पाहुण्यासारखं वाटे. त्याला ते फार आवडायचं.

दोन वर्षांपूर्वी ती माउली गेली. मूत्राशयाचा कॅन्सर. कधी तंबाखूला शिवली नाही, अंगावर दुखणं काढलं नाही, तरी गेली. एवढ्या चांगल्या बाईला असं का, म्हणून लोक हळहळले. बेकरीवाल्याने दोष नशिबाला दिला आणि लेकीसाठी पाव भाजत राहिला. दुसरं करणार तरी काय?

चिमणी चौदाची झाली आणि तिच्या तळहातांना बारीक, टणक गाठी आल्या. पाठीवर शिंतोडे उडाल्यासारखे डाग उठले. डॉक्टरीणबाईंनी तिची लघवी तपासली, घरचं पाणी तपासलं. पाणी स्वच्छ निघालं. मग त्यांनी तांदूळ मागवला. आज रिपोर्ट आला होता, आणि बापलेक त्यांच्यासमोर खुर्च्यांवर बसले होते.

"तांदळात आर्सेनिक आहे. जुनी माणसं सोमल म्हणतात ते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हा तांदूळ पिकतो तिथल्या जमिनीखालच्या पाण्यातच ते असणार. भाताचं शेत पाण्यात उभं, रोप ते ओढून घेतं, आणि कोंड्यात सगळ्यात जास्त साठतं. अधूनमधून खाणाऱ्याला इतकं बाधलं नसतं. हिचं सगळं आयुष्यच त्यावर."

"म्हणजे मीच..." बेकरीवाला म्हणाला.

"तुम्हाला कळणार कसं? त्याला वास नाही, चव नाही. पण आजपासून बंद. मका द्या, ज्वारी द्या, बटाटे द्या. डाग फिके पडतील हळूहळू. तपासणीला मात्र पुढची कितीतरी वर्षं यावं लागेल. कातडी, फुप्फुसं, मूत्राशय."

चिमणीने मान वर केली.

"घरात हे आणखी कोण खायचं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"आई," चिमणी म्हणाली. मग बापाकडे वळली. "बाबा, आईला पण मूत्राशयाचाच झाला होता ना? ती माझ्यामुळे खायची हे. माझ्यासोबत म्हणून."

बायको कशाने गेली ते बेकरीवाल्याला त्याच क्षणी कळलं होतं, आणि मोठ्याने रडावंसं वाटत होतं. पण पोरीचा चेहरा समोर होता. ही गोष्ट एकदा तिच्या मनात रुतली की जन्मभर निघणार नाही, हे त्याला स्वच्छ दिसलं.

"छे गं!" तो हसला. कसा हसला त्याचं त्यालाच ठाऊक. "तुझी आई कसली खातेय! तुझ्यासमोर एखादा तुकडा मोडायची, बस. तू शाळेत गेलीस की दुकानात यायची आणि गव्हाचा गरम पाव लोणी लावून हाणायची. मला म्हणायची, चिमणीला सांगू नका हं."

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग रिपोर्ट मिटून ठेवला.

"खरंच?"

"तुझी शप्पथ."

लेकीची शपथ, आणि तीही खोटी. जी बाई शेवटच्या आजारातही लेकीच्या पावाचाच तुकडा मागायची, तिला त्याने तिच्या माघारी लबाड ठरवलं होतं. चिमणीने सुस्कारा सोडला, खांदे सैल पडले. जिंकलो, असं त्याला वाटलं.

मग तिचे डोळे भरून आले.

"म्हणजे इतकी वर्षं मी एकटीच खात होते," ती म्हणाली.

"हो," बेकरीवाला म्हणाला.