लिफाफ्यावरून सुटलेलं तिकीट

मी दोन आण्यांचं टपाल तिकीट बोलतोय. परभणीतल्या एका लहानशा वस्तुसंग्रहालयात, दारापासून तिसऱ्या चौकटीत, खालून दुसऱ्या ओळीत माझी जागा आहे. समोरच पंखा आहे, म्हणून लोक इथं जरा जास्त वेळ थांबतात. पहिले दोन दिवस मला वाटलं, माझ्यासाठीच थांबतात. तेव्हा माझ्याखाली चिठ्ठी होती : 'बुद्ध जयंती, १९५६. दोन आणे. वापरलेले. सर्वत्र आढळते.' तेवढं वाचून लोक पुढच्या वाघाच्या तिकिटाकडे जात.

सर्वत्र आढळते, हे खरंच आहे. नाशिकच्या छापखान्यात आम्ही लाखांनी जन्मलो. तपकिरी रंग, अंगावर बोधिवृक्ष, चारी बाजूंनी दातेरी कडा. आमच्यात डावंउजवं करायला जागा नव्हती. वेगळेपण आलं ते पुढं, आणि तेही माझं नव्हतं. ते ज्या लिफाफ्याला मी चिकटलो त्याचं होतं. हे मला फार उशिरा कळलं, आणि ज्याला कळायला हवं होतं त्याला तर त्याहून उशिरा.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरात मी नागपूरच्या एका पोस्टाच्या खिडकीत होतो. शहरात माणूस मावत नव्हता. सगळे पांढऱ्या कपड्यांत. आदल्या दिवशी दीक्षा झाली होती. रांगेतून एक काळासावळा, हाताला घट्टे पडलेला माणूस पुढं आला. बाबूनं त्याच्यापुढं नेहमीचं तिकीट सरकवलं. तो म्हणाला, "हे नगं साहेब. ते पिंपळाचं द्या."

तो किशन खिल्लारे. चुडावा स्टेशनच्या अलीकडं-पलीकडं रुळांवर काम करणारा गँगमन. त्यानं मला जिभेवर धरलं, लिफाफ्यावर ठेवलं आणि अंगठ्यानं इतका वेळ दाबलं की मी सुटेन अशी त्याला भीती वाटत असावी. त्याच्या जिभेची ती ओल पुढं पंधरा वर्षं माझ्या पाठीला होती.

पत्ता त्यानं आधीच लिहून ठेवला होता. थोराड अक्षर, ओळी उजवीकडं उतरत गेलेल्या, शेवटची ओळ कडेला दाटीवाटीनं बसवलेली. 'सौ. सगुणाबाई किशनराव खिल्लारे, बौद्धवाडा,' मग गावाचं नाव, 'व्हाया चुडावा, जि. परभणी.' गावात त्याला किसन्या म्हणत, तिला सगुणी. 'राव' आणि 'बाई' त्यानं स्वतःच लावले होते. आणि ज्या वस्तीला गाव दुसऱ्याच नावानं ओळखत होतं, तिचं नाव त्यानं दीक्षेच्या दुसऱ्याच दिवशी बदलून टाकलं होतं.

शिक्का माझ्यावर अर्धा बसला आणि लिफाफ्यावर अर्धा. नागपूरचं नाव माझ्या वाट्याला आलं, तारीख लिफाफ्याच्या.

किशनच्या गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. तिथं पोस्टाचं काम शाळेतच चाले. पोस्ट बघणाऱ्या मास्तरांनी पत्ता वाचला, चष्मा काढला, पुन्हा लावला. मग लाल पेन्सिलीनं लिफाफ्यावर लिहिलं, 'या नावाची वस्ती गावात नाही.' आम्ही चार दिवस खणात पडून राहिलो. नाव वाचून पत्र कुणाचं ते त्यांना कळलं नसेल असं म्हणवत नाही. झोपेचं सोंग घेतलेल्याला जागं कोण करणार?

पत्राच्या आधी किशनच घरी पोचला होता. पाचव्या दिवशी तो शाळेत आला. एरवी तो पायरीखाली उभा राहून हाक मारी. त्या दिवशी पायरी चढून दारात आला.

"माझं एक पत्र यायचं हाय नागपूरहून."

"पत्र आहे. पण हा बौद्धवाडा कुठला?"

"नवा हाय," किशन म्हणाला. "चौदा तारखेपास्न."

 मग त्यांनी तीच लाल पेन्सिल घेतली, स्वतःच लिहिलेली ओळ खोडली आणि लिफाफा पुढं केला. त्यांच्या मनात काय चाललं होतं, मला माहीत नाही. पण खोडली, एवढं मी पाहिलं.

स्वतः लिहिलेलं पत्र किशननं स्वतःच बायकोला वाचून दाखवलं. सगुणाबाईला सातवा महिना होता. पत्रात होतं, 'पोरगी झाली तर नाव धम्मशीला ठेवू.' ते ऐकून ती हसली, म्हणाली, "समोर बसून सांगायलाव की. पत्र कशापायी?"

"लिवलेलं ऱ्हातंय," तो म्हणाला.

पोरगी झाली. धम्मशीला दोन वर्षांची असताना किशन तापानं गेला. त्याचा फोटो कधी काढलाच नव्हता. सगुणाबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून घरी येईल त्या शिकलेल्या माणसाला ती पत्र वाचायला लावी. उघडून, मिटून, घामेजल्या हातांनी पत्र घड्यांवर फाटलं. मग घड्यांचे तुकडे झाले, मग तुकडेही राहिले नाहीत. उरला फक्त लिफाफा. भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीमागं तो असे. सणावाराला सगुणाबाई तो काढून लेकीला दाखवी आणि बोटानं ओळी दाखवत तोंडपाठ म्हणे. लेकीला अक्षरओळख झाली ती शाळेच्या पुस्तकातून नव्हे, त्या पत्त्यावरून.

धम्मशीला नववीला मानवतला वसतिगृहात राहायला गेली. तिथं बन्सीधर गुरुजी भूगोल शिकवत. भला माणूस. त्यांना तिकिटांचं वेड होतं, आणि ते वेड त्यांनी पोरांनाही लावलं. तिकिटावरून ते देश शिकवत, नद्या शिकवत, राजे शिकवत. एकदा म्हणाले, घरात जुनी तिकिटं असतील तर आणा. सुट्टीहून परत येताना धम्मशीलानं लिफाफा वहीत घालून आणला. तिला तो द्यायचा नव्हता. दाखवायचा होता.

गुरुजींनी भिंग लावलं. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. खोटं कशाला बोलू, मी सुखावलो. पंधरा वर्षांत माझ्याकडं असं कुणी बघितलं नव्हतं. त्या घरात सगळे पत्ता बघत. मला कोण विचारत होतं?

"एक रात्र माझ्याकडं राहू दे," गुरुजी म्हणाले. "उद्या देतो."

तिनं दिला. गुरुजींना नाही कसं म्हणायचं?

तिकिटं जमवणाऱ्यांची एक जुनी रीत आहे. लिफाफा कोमट पाण्यात टाकायचा, गोंद सुटू द्यायचा, तिकीट अलगद काढायचं, टीपकागदावर पालथं वाळवायचं. तेव्हा शाळेशाळेत हेच शिकवत. लिफाफा म्हणजे फोल, तिकीट म्हणजे दाणा. गुरुजींनी संध्याकाळी पितळी परात घेतली, दिवसभरात जमलेले आठ-दहा लिफाफे एकदम तिच्यात सोडले. त्यांत आमचाही होता. त्यांना तो वेगळा काढून ठेवायचा होता, हे मी त्यांच्या बाजूनं सांगतो. पण ते बोलण्याच्या नादात विसरले.

पाणी माझ्या पाठीशी शिरलं. किशनच्या जिभेची ओल त्या पाण्यात गेली. मी सुटलो आणि मला हलकं वाटलं. हे सांगायची मला आजही लाज वाटते. वरून पाहिलं तर पाणी निळं झालं होतं. 'सगुणाबाई' विरघळत होती, 'राव' विरघळत होता. बौद्धवाडा सगळ्यात शेवटी गेला, कारण तिथं त्यानं पेन दाबून लिहिलं होतं. लाल पेन्सिलीची खोडलेली ओळ तेवढी राहिली. मग गुरुजींनी ओल्या कागदांचा गोळा करून अंगणात फेकला.

दुसऱ्या दिवशी धम्मशीला दारात उभी राहिली, तेव्हा त्यांना आठवलं. त्यांचे कान लाल झाले. पोरीला खरं सांगायचं धाडस त्यांना झालं नाही.

"लिफाफा मी संग्रहात लावलाय," ते म्हणाले. "तुमच्या घरात पाणी गळतं ना? इथं नीट राहील. तुझ्या नावानं राहील."

तिनं घरी जाऊन तेच सांगितलं असणार. पुढच्या महिन्यात सगुणाबाई स्वतः पायी स्टेशन, मग गाडी, मग पुन्हा पायी अशी मानवतला आली. गुरुजींच्या ओट्याशी उभी राहून म्हणाली, "गुरुजी, तुमच्याकडं हाय मंजी बरंच हाय. आमच्या घरात उंदरं लय झालीत." आणि जाताना त्यांना शेतातल्या ओल्या हरभऱ्याची जुडी दिली. गुरुजींनी ती घेतली. घरात येऊन बराच वेळ ती हातात धरून बसले. त्या हरभऱ्याचं पुढं काय झालं, मला माहीत नाही.

एका खोट्याला दुसरं लागतं. धम्मशीला परिचारिका झाली, नांदेडला राहू लागली. सगुणाबाई अंथरुणाला खिळली तेव्हा ती मानवतला आली. म्हणाली, "आई लिफाफा मागायलीय. एकदा हातात घेऊ द्या तिला. लगेच आणून देते."

"संग्रह मुंबईला प्रदर्शनात गेलाय," गुरुजी म्हणाले.

मी तेव्हा त्यांच्या मागच्या कपाटात होतो, दोन हातांवर. सगुणाबाई त्याच आठवड्यात गेली. हे गुरुजींना पत्रानं कळलं. त्या पत्रावरचं तिकीट त्यांनी काढलं नाही. त्यानंतर त्यांनी माझं पानही उघडलं नाही.

यंदा गुरुजी पंच्याऐंशीचे झाले. डोळे गेले, भिंग हातून पडू लागलं. त्यांनी सगळा संग्रह या वस्तुसंग्रहालयाला दिला. राजेश्री नावाची तरुण बाई इथं काम बघते. तिनं तिकिटं विषयवार लावली, चिठ्ठ्या लिहिल्या आणि प्रदर्शन भरवलं : 'टपाल तिकिटांतून संस्कृती आणि इतिहास'. पेपरात बातमी आली, गुरुजींच्या नावासकट.

चौथ्या दिवशी दुपारी धम्मशीला आली. केस पांढरे, चाल अजून ताठ. बरोबर शाळकरी नात, अर्पिता. योगायोगानं गुरुजीही त्या दिवशी दाराजवळच्या खुर्चीत बसले होते. तिनं त्यांना वाकून नमस्कार केला आणि नाव सांगितलं. गुरुजींनी काठी चाचपून जवळ घेतली.

"ये अर्पिता, तुझ्या पणजोबाचं अक्षर दाखवते," असं म्हणत ती एकेका चौकटीपुढून सरकत आली. माझ्यासमोर आली. मला तिनं लगेच ओळखलं. मग माझ्या आजूबाजूला पाहिलं, खाली पाहिलं, चिठ्ठी वाचली.

"ताई," ती राजेश्रीला म्हणाली, "ह्याचा लिफाफा कुठं हाय?"

"लिफाफे आपल्याकडं नाहीत, मावशी. सगळी सुटी तिकिटंच आली आहेत."

"न्हाई, हाय. गुरुजींनी ठेवलाय. विचारा त्यांना."

राजेश्रीनं गुरुजींकडं पाहिलं. आता मात्र त्यांनी सांगितलं. परात, कोमट पाणी, अंगण, मुंबई, सगळं. सांगताना ते रडले. हॉलमधली माणसं कानकोंडी होऊन वाघाच्या तिकिटाकडं बघत राहिली.

धम्मशीला ओरडली नाही. मला वाटलं होतं, ओरडेल. तिनं एवढंच विचारलं, "गुरुजी, त्याच्यावर काय लिवलं व्हतं, ते तरी ध्यानात हाय का तुमच्या?"

 "मी वाचलंच नव्हतं गं," ते म्हणाले.

ती खुर्चीवर बसली. राजेश्रीनं पाणी आणलं, ते तिनं घेतलं नाही. थोड्या वेळानं तिनं पत्ता म्हणून दाखवला, आईच्या चालीत, बोटानं हवेत ओळी दाखवत. राजेश्री लिहून घेत होती. लाल पेन्सिलीची गोष्टही तिनं सांगितली. राजेश्री लिहिता लिहिता थांबली आणि म्हणाली, "मावशी, सबंध प्रदर्शनात त्या लिफाफ्याच्या तोडीचं काहीच नाही." ते ऐकून धम्मशीलाला बरं वाटलं असेल असं मला वाटत नाही.

"आज्जी," अर्पितानं विचारलं, "पण त्यांचं अक्षर कसं होतं?"

धम्मशीलानं बोटानं हवेत एक अक्षर काढून पाहिलं. "मोठं व्हतं," ती म्हणाली. "आन्..." पुढं तिला आठवेना. पन्नासावर वर्षं झाली. शब्द पाठ राहिले, अक्षर गेलं.

ओळी उजवीकडं उतरत होत्या, धम्मशीला. शेवटची कडेला दाटली होती. मी ओरडून सांगितलं असतं, पण आमच्या जातीला तोंड नाही.

मग तिला काहीतरी सुचलं. "ताई, ह्याला उलटं करून दावता का? मागं शाईचा डाग-बिग ऱ्हायला असंल."

राजेश्रीनं चौकट उघडली, चिमट्यानं मला उचललं आणि खिडकीच्या उजेडात पालथं धरलं. धम्मशीलानं चष्मा पुसून पाहिलं. अर्पितानं पाहिलं. माझी पाठ पांढरीफेक होती. गुरुजींनी मला फार काळजीनं धुतलं होतं.

धम्मशीला गेली. गुरुजींना कुणीतरी रिक्षात बसवलं. राजेश्रीनं माझी चिठ्ठी बदलली, आता तिच्यावर पत्ता आहे, छापील, सुबक अक्षरात. लोक थांबून वाचतात, काही फोटोही घेतात. मी मिरवतो असं त्यांना वाटत असेल. मला मात्र पाठीला गार लागतं.

माझं एक ऐका. तुमच्या घरात ट्रंकेच्या तळाशी, तसबिरीमागं, एखादा जुना लिफाफा असेलच. त्यावरचं तिकीट तुम्हाला आवडेल, आम्ही असतोच देखणे. पण पाण्याला हात लावण्याआधी लिफाफा उजेडात धरा, आणि आधी पत्ता वाचा.